दाढेची सावली

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. क्लबच्या भिंतीवर लावायला एक पान हवं होतं, बस. तिया ब्रिहिदा म्हणाली, पोरांसाठी लिही काहीतरी, उड्या कशा शिकायच्या, मोठ्या डोंगरावर जायच्या आधी काय काय करायचं, मोबाईल तर तुझ्या हाताला चिकटलेलाच असतो. म्हणून बसलो. "आधी पडायला शिका" असं लिहिलं. मग "गुडघे मऊ, हात पुढे". मग थांबलो आणि पुसून टाकलं. परत लिहिलं, परत पुसलं. कारण काहीही लिहायला गेलो की रेनातो समोर येऊन उभा राहतो, आणि त्याला सोडून लिहिलेलं सगळं खोटं वाटतं.

तर आता जसं येईल तसं लिहितोय. मेण लावायच्या खोलीत बसलोय, मधे मधे कोणी स्की आणून टाकतं, मग इस्त्री तापवायची, मेण वितळवायचं, घासायचं, आणि परत मोबाईल. त्यामुळे तुकड्या-तुकड्यांत होणार हे. चालवून घ्या.

तिया म्हणजे आमची कोच. माझी सख्खी कोणी नाही, पण इकडे शिकवणाऱ्या बाईला सगळे तिया, म्हणजे मावशीच म्हणतात. पूर्वी ती ज्वालामुखीवर लोकांना शोधून खाली आणायचं काम करायची. आता कंबर गेलीय. उताराच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसते, मांडीवर माते नावाच्या कडू चहाचा थर्मास, आणि तिथून ओरडते. डोळे मात्र घारीचे. कोणाचा कुठला पाय उशिरा वळला ते तिला खालून दिसतं.

मी आणि रेनातो एकत्रच तिच्याकडे गेलो. मी हाडकुळा म्हणून मला तो लुकड्या म्हणायचा, अजून म्हणतो. तो बोका. कुठूनही फेका, पायावर पडणार. पहिल्या हिवाळ्यात तियाने आम्हाला एक उडी मारू दिली नाही. गोठ्यामागच्या ओल्या गवतावर नुसतं पडायचं. कडेवर पडायचं, पाठीवर पडायचं, हात छातीशी घेऊन लोळायचं. मग बर्फ आला तर आडवं घसरायचं, दिवसचे दिवस, कंटाळून रडू येईपर्यंत. मग एका पायावर. मग उलटं. मग कुठे गोठ्याच्या छपरावरून खालच्या बर्फात उडी, आणि तीही आवाज न करता. धप्प वाजलं की तिया म्हणायची, बटाट्याचं पोतं पडलं, परत जा. मी पोतं. रेनातोचा आवाज कधी आलाच नाही. मी पडलो की तो वरून विचारायचा, "लुकड्या, बर्फाला लागलं का रे?"

पोरांनो, हे सगळं करा. कंटाळवाणं आहे, तरी करा. पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

मोठ्या डोंगराच्या स्पर्धेत सराव करू देत नाहीत. ज्या उतारावर स्पर्धा, त्याच्यावर आधी पाय ठेवायचा नाही. फक्त समोरच्या धारेवर उभं राहून दुर्बिणीतून बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी वरून थेट सुटायचं. अडचण अशी की समोरून जे उजवीकडे दिसतं ते वर गेल्यावर डावीकडे येतं, आणि समोरून जो कडा माडीएवढा उंच दिसतो तो वरून दिसतच नाही, नुसती बर्फाची कड दिसते आणि तिच्या पलीकडे आभाळ. म्हणून तिया आम्हाला डोंगर पाठ करायला लावते. क्लबच्या अंगणात डोळे मिटून उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, आणि वरपासून खालपर्यंत तोंडाने म्हणत डुलायचं. इथे फट, डावीकडे वळ, वाळलेलं झाड, उजवीकडे, कड आली, मूठ घट्ट, उडी. रस्त्यावरून जाणारे हसतात. रेनातोची आई, दोन्या मिरेया, लिफ्टच्या पायथ्याशी सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, तळते, ती म्हणायची, आले वेड्यांचे नाचायचे दिवस.

आणि तियाचा एक नियम. खूण म्हणून धरायची ती अशीच वस्तू धरायची जिच्यावर डोकं आपटलं तर फुटेल. खडक चालेल, झाड चालेल. कोणाच्या तरी स्कीचा माग चालणार नाही, वाऱ्याने केलेला उंचवटा चालणार नाही. सावली तर नाहीच नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. रेनातोला तर माझ्याहून जास्त माहीत होतं.

थांबा, स्की आल्या.

हां. तर मागच्या ऑगस्टात, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, आमच्या गावच्याच, एरवी बंद असलेल्या उतारावर, दाढांवर, स्पर्धा लागली. दाढा म्हणजे उताराच्या मध्यावर एका रांगेत उभे असलेले काळे सुळके. त्यांच्या खाली सलग कडा आहे. दोन दाढांच्या मधून जाऊन कड्यावरून उडी मारायची. एका फटीखाली खोल मऊ बर्फ आहे, बाकीच्या फटींखाली धोंडे, वरून बर्फ पसरलेले, दिसत नाहीत. वरून येताना सगळ्या दाढांची फक्त डोकी दिसतात आणि ती सगळी सारखीच. त्यामुळे कडेच्या वाळलेल्या झाडापासून मोजत यायचं, हाच एक मार्ग.

इथला विजेता पुढे मोठ्या स्पर्धेला जाणार होता, समुद्रापलीकडे. रेनातो जाणार हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. मी त्या वर्षी मनगट मोडून बसलो होतो, म्हणून नुसता बघ्या. आदल्या दिवशी दुपारी आम्ही समोरच्या धारेवर गेलो. तो कितीतरी वेळ दुर्बीण लावून बसला. मी विचारलं, कुठून जाणार? तर तोंडावर बोट ठेवलं. ही पण इथली रीत आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोणी आपली वाट तोंडाने म्हणत नाही, शेजारी ऐकतो. त्या दिवशी अंगणात सगळे ओठ मिटून डुलत होते. मुक्यांची जत्रा. तो पण तसाच डुलला. ओठ मिटून.

उतरायची वेळ दुपारची होती. सकाळी उठलो तर स्पर्धावाल्यांनी सांगितलं, दुपारनंतर वारा सुटणार आहे, स्पर्धा आत्ताच घेतोय. कोणाचं काही चुकलं नाही त्यात, वारा खरंच सुटला नंतर. ऊन छान पडलं होतं. रेनातो खूश होता. जाताना म्हणाला, "लुकड्या, दुपारी मी मोकळा. पुढच्या विमानाची स्वप्नं बघू आपण."

मी समोरून बघत होतो. वरचा भाग त्याने असा काढला की बघणारे गप्प झाले. मग दाढांपाशी आला, आणि जिथे वळायचं तिथे न वळता पुढच्या फटीत गेला. जराही अडखळला नाही, हेच मला कित्येक महिने कळत नव्हतं. वाट चुकलेला माणूस अडखळतो, मान वळवतो. हा सरळ, ठाम, आपल्या अंगणात चालल्यासारखा गेला आणि उडाला. हवेत सुंदर होता. खाली टेकलाच नाही. म्हणजे पाय टेकलेच नाहीत, पाठ आणि डोकं आधी. मग बरंच खालपर्यंत तो काही माणसासारखा येत नव्हता.

हेल्मेटचे दोन तुकडे झाले. हेल्मेट नसतं तर आज सांगायला काहीच उरलं नसतं.

चियान शहरातल्या दवाखान्यात तो खूप दिवस झोपून होता. जागा झाला तेव्हा त्याला आदल्या दिवसापासूनचं काही आठवत नव्हतं. पहिला प्रश्न विचारला तो हा, "टेकलो का मी?" दोन्या मिरेया जवळ होती. ती म्हणाली, "टेकलास, बाळा. छान टेकलास. मग डोंगरच सुटला, वरचा बर्फ कोसळला, तू काय करणार?" तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. बाहेर येऊन ती आम्हा सगळ्यांना म्हणाली, आता हेच सांगायचं.

कोण नाही म्हणणार? तिया पण गप्प बसली. मला त्याने कधी विचारलंच नाही, कारण आई त्याला रोज तेच सांगायची. तो बोलायचा आणि मी ऐकायचो.

घरी आला तेव्हा एक पाय ओढत होता. डावी मूठ पूर्ण मिटत नव्हती. डोक्याचं म्हणाल तर, जुनं सगळं लख्ख, नवं टिकत नव्हतं. केटली ठेवून विसरायचा. एकच विनोद एका बैठकीत परत परत सांगायचा, आणि प्रत्येक वेळी आम्ही हसायचो, तो चांगला सांगायचा म्हणून. आणि ती गोष्ट गावात फिरत फिरत मोठी झाली. बोका टेकला होता, डोंगर सरकला. क्लबातली पोरं एकमेकांना तसं सांगायला लागली. त्या फटीला पोरांनी त्याचं नाव दिलं. इथे उडी मारायची आपण मोठे झाल्यावर, असं बोलायला लागली. ती चुकीची फट. धोंड्यांची.

आणि या जूनमध्ये, पहिला बर्फ पडला तेव्हा, रेनातो भिंतीला पाठ लावून अर्ध्यात बसायचा व्यायाम करताना दिसला. मांड्या थरथरत होत्या, घाम गळत होता. मला म्हणाला, ऑगस्टात मी दाढांवर परत जाणार. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना, डोक्याला परत एवढासा जरी मार बसला तरी संपलं. तर म्हणाला, "माझी चूक असती तर घाबरलो असतो ना. माझी चूकच नव्हती. डोंगर काय दरवर्षी सुटतो?"

त्याचं बरोबर होतं. आम्ही जे सांगितलं होतं त्यावरून त्याने काढलेला हिशेब अगदी बरोबर होता.

मी दोन्या मिरेयाकडे गेलो. ती तळत होती. मी सांगितलं, तो जाणार म्हणतोय. तिने झारा खाली ठेवला नाही. म्हणाली, माहीतेय, माझ्याकडून बूट मागतोय, मी लपवलेत. मग म्हणाली, मी नाही सांगू शकत रे, तेवढं एकच उरलंय त्याच्याकडे, तेही काढून घेऊ? सोपाइपिया काळ्या होत होत्या, तिचं लक्ष नव्हतं. तियाला विचारलं तर ती म्हणाली, "मेला तरी टेकलेला मेला, असं म्हणायचंय का तिला?" आणि मग बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत बसली. त्या कंबरेने ती वर चढू शकत नव्हती. म्हणजे मीच.

काय बोलायचं ते मी ठरवून गेलो होतो. सकाळी त्याला क्लबच्या बर्फगाडीतून समोरच्या धारेवर नेलं. मी म्हटलं, बघून तर येऊ नुसतं. तो इतका खूश झाला की मला तिथेच परत फिरावंसं वाटलं. खाली अंथरायला मेंढीचं कातडं घेतलं होतं, त्याच्यावर बसलो. समोर दाढा. ऊन. वारा नाही. सगळं त्या दिवसासारखंच.

मी घसा साफ केला. तेवढ्यात तो म्हणाला, "थांब, मला म्हणून दाखवू दे. बघ आठवतं का." मी म्हटलं, कसं आठवेल, तुला तो दिवस आठवत नाही. तो म्हणाला, डोक्याला नाही, पायांना विचारतो. काठीवर भार देऊन उभा राहिला, डोळे मिटले, गुडघे वाकवले. आणि म्हणायला लागला. वर्षभरापूर्वी ओठ मिटून जे म्हणाला होता ते आता मोठ्याने.

"कड सोड. फट. डावीकडे. लांब, लांब. उंचवटा, गिळून टाक. उजवीकडे. आता दाढा. शेपूट बघ. काळं शेपूट. शेपटाच्या फटीत घुस. मूठ घट्ट. उडी."

डावी मूठ मिटली नाही, तरी त्याने मिटायचा प्रयत्न केला.

मला काही कळेना. दाढांना शेपूट? मी विचारलं, "कसलं शेपूट रे?"

"उंच दाढेचं. काळं, लांब. ते बघ ना." आणि त्याने डोळे उघडले.

दिसत होतं ते. रांगेत एकच दाढ उंच आहे, तिची सावली बर्फावर लांब पडली होती, अगदी शेपटीसारखी. वरून येताना दाढ उंच आहे का बुटकी हे कळत नाही, पण ही सावली नक्की दिसत असणार. ती एका फटीत पडली होती. धोंड्यांच्या फटीत.

तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे त्या बाजूला कसं काय?"

मलाही ते त्याच क्षणी कळत होतं. आम्ही बघायला गेलो होतो दुपारी. दुपारी ऊन दुसरीकडून येतं. त्याने दुपारची सावली पाठ केली, स्पर्धाही दुपारीच होती, म्हणजे चाललं असतं. आणि मग वेळ बदलली. म्हणून तो अडखळला नाही. त्याला वाट सापडली होती. शेपूट जिथे होतं तिथेच तो गेला.

तो खाली बसला. मी पावाला लावायला पेब्रे, म्हणजे मिरची-कोथिंबिरीची चटणी, आणली होती, ती तशीच राहिली. गाडी परत न्यायची वेळ झाली, मी विचारलं, जाऊ या? मान हलवली, नाही. आम्ही तिथेच बसून राहिलो. ऊन वर आलं तसं शेपूट आखडत गेलं, आखडत आखडत दाढेच्या पायाशी गोळा झालं. मग दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. सावकाश. दुपार झाली तेव्हा ते मऊ बर्फाच्या फटीत पडलं होतं, जिथे त्याने पाठ केलं होतं तिथे, लांब, काळं.

तेव्हा तो बोलला. माझ्याकडे न बघता.

"एलिसेओ, टेकलो होतो का मी?"

या वेळी 'लुकड्या' म्हणाला नाही. माझं खरं नाव घेतलं.

"नाही," मी म्हटलं.

"डोंगर?"

"डोंगर जागेवरच होता."

नंतरचे काही दिवस तो माझ्याशी बोलला नाही. कोणाशीच नाही. दोन्या मिरेया मला रस्त्यात भेटली, तिने मान वळवली नाही पण थांबलीही नाही. भिंतीला पाठ लावून बसणं त्याने बंद केलं. बूट तिने आता लपवलेल्या जागेतून काढून उघड्यावर ठेवलेत म्हणे, आणि तो त्यांना हात लावत नाही. मी त्याला वाचवलं असं तिया म्हणते. मला तसं वाटत नाही. मी त्याच्या खिडकीसमोरून जातो तेव्हा तो आत बसलेला असतो आणि डोंगराकडे पाठ असते.

परवा तो इथे आला. या खोलीत. काठी दाराला टेकवली, माझा मोबाईल उचलला आणि वाचायला लागला. तेव्हा त्यात दोनच ओळी होत्या, पडायला शिका आणि गुडघे मऊ.

म्हणाला, "हे काय, तियाच्या खुर्चीला पण माहीतेय हे."

मी म्हटलं, मग काय लिहू?

"माझं लिही. शेपटाचं. नावासकट लिही, बोका लिहू नकोस, रेनातो लिही. पोरांनी त्या फटीला माझं नाव ठेवलंय ना, त्यांना सांग का ठेवू नये. सांग, डोंगर सकाळी पण बघा आणि दुपारी पण बघा. आणि वाट तोंडाने म्हणा, आदल्या दिवशी पण म्हणा, शेजाऱ्याने ऐकली तर ऐकू दे. मी मोठ्याने म्हटली असती तर तूच म्हणाला असतास, कसलं शेपूट रे गाढवा."

मी म्हटलं, म्हणालो असतो.

"हं."

तो स्टुलावर बसला. एका जुन्या स्कीच्या धारेवरून बोट फिरवत राहिला. मी मेण पसरत होतो. बराच वेळ गेला. मला वाटलं, विसरला काय बोलत होतो ते. हल्ली होतं तसं.

मग म्हणाला, "लुकड्या, मी हे विसरणार आहे. तुला माहीतेय. धार, शेपूट, सगळं. आजचं उद्या नसतं माझ्याकडे. हे टिकलंय अजून, कारण रोज सकाळी उठल्यावर घोकतो. एक दिवस घोकायचं राहील."

मी इस्त्रीखाली मेणाची पुढची वडी धरली.

"मग मी परत विचारेन तुला, टेकलो होतो का. हसत विचारेन बहुतेक. आईसमोर विचारेन. पोरांसमोर पण. आणि ती सगळी तुझ्याकडे बघतील."

"विचार की."

"कीव करायची नाही."

मी इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले, आणि त्याची ती न मिटणारी मूठ हातात धरली, कारण त्याच्या दुसऱ्या हातात ती स्की होती. आणि त्याला सांगितलं, नाही म्हणेन. जितक्यांदा विचारशील तितक्यांदा नाही म्हणेन, आणि मग सकाळी तुला वर नेईन, आणि शेपूट पलीकडे जाईपर्यंत तुझ्याजवळ बसून राहीन.